जिथे थांबलो, तिथून पुढे

‘सर, आपल्याकडं डोंगर कुठं हाय?’

कॉलेजातला एखादा मुलगा मला दरवर्षी हा प्रश्न विचारतो. मुलगा दरवर्षी नवा असतो, प्रश्न मात्र तोच. त्यात त्याची काही चूक नाही. औशाच्या बाहेर उभे राहून चारी दिशांना नजर टाका. काळी रानं, सोयाबीन, तूर, हरभरा, मधूनच बांधावरचा एखादा लिंब, आणि जमिनीला टेकलेले आभाळ. आमचा किल्लासुद्धा डोंगरावर नाही. तो अशा खोलगट जागी बसवला आहे की अगदी जवळ आल्याखेरीज बाहेरच्या माणसाला तो दिसतच नाही. अशा गावच्या माणसाने डोंगरवाटांवर बोलायचे म्हणजे तुम्हांला गंमतच वाटेल.

मी त्या मुलाला एकच उत्तर देतो. ‘अरे, तू डोंगरावरच उभा आहेस!’

तो हसतो. सरांनी थट्टा केली असे त्याला वाटते. पण ही थट्टा नव्हे. औसा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच आहे. ज्याला आपण सपाट रान म्हणतो तो बालाघाटाचा माथा आहे. हा डोंगर शेंड्याला टोकदार नाही. जात्याच्या तळीसारखा वरून सपाट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले, थिजले, आणि त्यांचा हा दख्खनचा दगड झाला. माथ्यावर राहणाऱ्याला डोंगर दिसत नाही. तो उतरायला लागला म्हणजे दिसतो. औशाहून सोलापूरच्या रस्त्याने निघा. तुळजापूरपर्यंत तुम्ही डोंगरावरच असता. तुळजापूरचा घाट लागला, पुढची सखल रानं पायाखाली दिसू लागली, की मग कळते, आपण इतका वेळ कुठे होतो ते!

आता हा डोंगर येतो कुठून? शाळेच्या भूगोलात तुम्ही ‘हरिश्चंद्र-बालाघाट’ हे जोडनाव पाठ केले असेल. परीक्षा संपली की आपण ते विसरतो. त्या जोडनावातला पहिला शब्द म्हणजे सह्याद्रीतला हरिश्चंद्रगड, चौदाशे मीटरांहून अधिक उंचीचा. तिथून ही रांग सह्याद्रीला सोडून पूर्वेकडे वळते. पारनेर, नगर, आष्टी, पाटोदा अशी ती येते, आणि मग तिला दोन हात फुटतात. एक हात अंबाजोगाई, अहमदपूरवरून नांदेडकडे जातो. दुसरा येरमाळा, धाराशिव, तुळजापूरकडे येतो. त्या दोन हातांच्या मधल्या ओंजळीतून मांजरा वाहते. त्या ओंजळीच्या काठावर आमचे औसा.

मी इतिहास शिकवतो, भूगोल माझा विषय नव्हे. पण २०१३ च्या पावसाळ्यात एक नकाशा पुढे घेऊन बसलो असताना मनात आले, की माझ्या घराच्या उंबऱ्यापासून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापर्यंत एकच डोंगर आहे. मग तो चालून का पाहू नये? रस्त्याने मोजले तर अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास भरते. दिवसाला वीस किलोमीटर धरले तर वीस दिवस.

वीस दिवस! गोची नेमकी इथेच होती. दिवाळीची सुट्टी मिळते, पण तिच्यात उत्तरपत्रिका तपासायच्या असतात, घरचे सण असतात, शेतात सोयाबीनची रास असते. चार-पाच दिवस निघाले तर निघाले. एक सहकारी मला म्हणाले, ‘जायचं तर एका दमात जा, नाही तर नाव सोडा. तुकड्यातुकड्यांनी डोंगर चालणं म्हणजे हप्त्यावर गाय घेणं. दूध पितोय तोवर ती आपली वाटतच नाही.’

त्यांचे बोलणे मला लागले. आपल्या भाषेतच या बाबतीत एक पेच आहे. ‘खंड’ म्हणजे तुकडा, आणि ‘खंड’ म्हणजे मोडताही. ग्रंथाचे चार खंड असले तर तो मोठा ग्रंथ म्हणून आपण त्याला मान देतो. पण व्रतात खंड पडला, वारीत खंड पडला, की माणूस मान खाली घालतो. मग एखादी लांबची वाट खंडाखंडाने चालली तर तो ग्रंथ धरायचा की मोडते व्रत?

या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. ते घरातच होते. पण तिथे पोहोचायला मला नऊ वर्षे लागली.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आषाढीची वारी पायी करीत. औशाच्या घरापासून पंढरपूरच्या वाळवंटापर्यंत, सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, पंढरपूर. वर्षामागून वर्षे हा नेम चालला. २०१७ साली तुळजापूरच्या घाटमाथ्यावर त्यांचे गुडघे बसले. दिंडी पुढे गेली, अण्णा एस. टी.ने परत आले. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. आम्हांला वाटले, आता वारी संपली.

पुढच्या वर्षी आषाढ जवळ आला तसे ते मला म्हणाले, ‘मला तुळजापूरला नेऊन सोड.’

मी म्हटले, ‘अण्णा, पंढरपूरलाच नेतो ना गाडीनं.’

‘पंढरपूरला कशाला? मागल्या साली मी तुळजापूरला थांबलो हाय. जिथं थांबलो तिथूनच धरावं लागतंय.’

त्या वर्षी ते तुळजापूरपासून सोलापूरपर्यंत चालले, रमतगमत, दिवसाला जेवढे जमेल तेवढे. २०१९ साली सोलापूरपासून मंगळवेढ्यापर्यंत. शेवटचा पंचवीसेक किलोमीटरचा तुकडा पुढच्या वर्षावर ठेवला, आणि पुढचे वर्ष होते २०२०.

त्या वर्षी काय झाले ते तुम्ही विसरला नसाल. करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस. टी.च्या गाडीतून पंढरपूरला गेल्या. २०२१ सालीही तसेच. आमच्या घरी दूरदर्शनसमोर सगळे बसले होते. फुलांनी सजवलेली ती बस पाहून माझ्या आईच्या डोळ्यांना पाणी आले. ती म्हणाली, ‘वारी मोडली.’ अण्णा म्हणाले, ‘मोडली कशी? थांबली हाय.’ कुणी त्यांना विचारले, की तुमची वारी पुरी झाली का, तर ते सांगत, ‘नाही. माझी वारी मंगळवेढ्याला उभी हाय.’ एखाद्याने आपली बैलगाडी अमुक ठिकाणी सोडली आहे म्हणून सांगावे, इतक्या सहज.

आता माझ्या डोंगराकडे येतो.

२०१३ च्या दिवाळीत मी घरून निघालो. पहिला टप्पा औसा ते येरमाळा. खरे सांगायचे तर या टप्प्यात डोंगर चालतोय असे वाटतच नाही. गाडीवाटा, बांध, मुरूडकडची मोठाली रानं. पहिल्या दिवशी संध्याकाळी पायाला फोड आले आणि अंगातला ताठा उतरला. पण येरमाळ्याला येडेश्वरीच्या डोंगरावर गेलो, तेव्हा पहिल्यांदा कडा दिसला. जमीन एकदम तुटते, आणि खाली दुसरा मुलूख सुरू होतो. तिथून मी एस. टी.ने परत आलो, पण येताना माळावरच्या एका बाभळीची खूण लक्षात ठेवली.

२०१४ च्या दिवाळीत त्याच बाभळीपासून निघालो. दुसरा टप्पा येरमाळा ते सौताडा. तेरखेड्याच्या परिसरात तेरणा उगम पावते. पुढे कुंथलगिरी, जैनांचे सिद्धक्षेत्र. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी इथेच सल्लेखना घेतली. टेकडीवरची पांढरी मंदिरे दुरून दिसतात, आणि खाली खव्याच्या कढयांचा वास येतो. वैराग्य आणि पेढा यांचा असा शेजार मी दुसरीकडे पाहिला नाही. मग पाटोदा तालुका. याच तालुक्यात गौखाडीजवळ मांजरा जन्माला येते. लातूरकर ज्या नदीच्या पाण्यावर जगतात तिचे मूळ पाहिल्यावर मोठ्या घरच्या बाईचे साधेसुधे माहेर पाहावे तसे वाटले. शेवटी सौताडा. विंचरणा नदी इथे डोंगराच्या घळीत उडी घेते, आणि तळाशी रामेश्वराचे देऊळ आहे. त्या घळीच्या काठावर माझा दुसरा टप्पा संपला.

तिसरा टप्पा २०१५ च्या दिवाळीचा. त्याविषयी मी कितीतरी वर्षे कुणाला नीट सांगितले नव्हते.

ते साल दुष्काळाचे. मराठवाड्यात पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी गेलेला. पुढे एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, यावरून तुम्हांला त्या काळाची कल्पना येईल. मी मात्र पाठीवर पिशवी टाकून सौताड्याहून मढीकडे निघालो. अंतर पन्नासेक किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या बाटल्या संपल्या. विहिरी कोरड्या. एका वाडीवर पोहोचलो. वाडीत माणसे थोडी. बहुतेक घरांना कुलपे. त्या भागातले लोक दिवाळी झाली की ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोची जोडी जाते, तिला ‘कोयता’ म्हणतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली काही पोरे.

एका घराच्या ओट्यावर एक आजीबाई बसल्या होत्या. मी पाणी मागितले. त्या आत गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. मी ते घटाघटा प्यालो. मग सहज आत लक्ष गेले. दोन घागरी होत्या. एक पालथी, एक अर्धी. ‘टँकर कधी येतो?’ मी विचारले. ‘परवा आलता,’ त्या म्हणाल्या, ‘आता बघू कवा येतोय.’ आणि मला विचारले, ‘भरून देऊ का बाटली?’

मी नको म्हटले. मला एकदम माझीच लाज वाटली. त्यांच्यासाठी पाणी म्हणजे उद्याचा दिवस होता, आणि मी तो हौसेच्या चालण्यापायी पिऊन बसलो होतो. मी तिथूनच मागे फिरलो. रस्ता गाठला, मिळेल त्या गाडीने घरी आलो.

मागे फिरलो यात काही वाईट नव्हते. चूक केली ती पुढच्या वर्षी. २०१६ साली पाऊस चांगला झाला. मी सरळ त्या वाडीपासून निघायला हवे होते. पण त्या आजींच्या दारात पुन्हा जायला मन धजेना. मी एस. टी.ने थेट मढीला उतरलो आणि तिथून पुढे चालू लागलो. मधला चाळीसेक किलोमीटरचा तुकडा राहिला. मनाशी म्हटले, एवढ्याशा तुकड्याचे काय!

मढी म्हणजे कानिफनाथांचे ठिकाण. तिथल्या यात्रेतला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. पुढे वृद्धेश्वर. मग वाट थोडी वाकडी करून भातोडीचा तलाव पाहिला, कारण इतिहासाच्या मास्तराला ते चुकवून चालत नाही. १६२४ साली इथेच मलिक अंबराने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना एकदम हरवले. तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या तळावर त्याने चिखल केला. शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच लढाईत पडले. वर्गात मी ही लढाई दहा वेळा शिकवली होती, पण तिथली उताराची जमीन डोळ्यांनी पाहिल्यावर पाणी कसे आणि कुठे गेले असेल ते पहिल्यांदा समजले. तिथून नगर गाठले. त्या वेळी ते अहमदनगर होते, २०२४ पासून अहिल्यानगर.

चौथा टप्पा जानेवारी २०१८ मध्ये: नगर ते ओतूर, टाकळी ढोकेश्वरच्या लेण्यांवरून आणि आण्याच्या पठारावरून. मग करोनाची वर्षे आली आणि पाय घरात बसले. शेवटचा टप्पा नोव्हेंबर २०२१ मध्ये: ओतूर, खिरेश्वर, टोलार खिंड, आणि वर गड.

हरिश्चंद्रगडाचे वर्णन मी करीत नाही. ते तुम्ही जाऊनच पाहावे. केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या गार पाण्यात उभी असलेली प्रचंड पिंड, आणि तिच्या चार खांबांपैकी उरलेला एक खांब. पाहताना वाटते, खांब तीन मोडले तरी छत उभे आहे ते कशावर! एक गोष्ट मात्र सांगतो. गडावर पडलेले पाणी तीन वाटांनी जाते. कोकणकड्यावरून पडले ते पश्चिमेच्या समुद्राला मिळते. खिरेश्वरच्या बाजूने गेले ते पुष्पावती, कुकडी, घोड करीत भीमेला, म्हणजे अण्णांच्या पंढरपूरला जाते. आणि उत्तरेकडचे मुळेतून प्रवरेत, प्रवरेतून गोदावरीत. औशाचे पाणीही तेरणा, मांजरा करीत शेवटी गोदावरीलाच मिळते. म्हणजे मी ज्या पाण्याला पाठ दाखवून चारशे किलोमीटर आलो, त्याला या गडाचे पाणी पुढे भेटणारच होते. हे उमगल्यावर कड्यावर बसून मी बराच वेळ गप्प राहिलो.

परत आल्यावर सहकाऱ्यांनी छोटासा समारंभ केला. शाल, श्रीफळ, दोन भाषणे. ‘औसा ते हरिश्चंद्रगड, उंबऱ्यापासून कड्यापर्यंत,’ असे कुणीतरी फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिले होते. मी ते वाचले, शाल घेतली, आणि मधल्या तुकड्याविषयी चकार शब्द काढला नाही.

घरी आलो. अण्णा ओसरीवर होते. शाल पाहून त्यांना आनंद झाला. मग त्यांनी सगळी वाट विचारून घेतली, गावागावाने, मुक्कामामुक्कामाने. वारकऱ्याला दुसऱ्याची वाट ऐकायला आवडते. सौताडा झाला. मी म्हटले, ‘मग मढी.’

‘मधी?’ त्यांनी विचारले.

‘मढी, अण्णा. गाव आहे.’

‘ते कळलं रे. सौताडा आन् मढीच्या मधी काय हाय?’

मी सांगितले. दुष्काळ, वाडी, आजी, अर्धी घागर, सगळे. ते ऐकत राहिले. मग एवढेच म्हणाले, ‘माघारी फिरलास ते चांगलं केलंस. पर तेवढा डोंगर कुणी चालायचा?’

सबंध डोंगराचे सार मला त्या एका वाक्यात मिळाले. माझी वाट आणि अण्णांची वारी, दोन्ही तुकड्यांत झालेल्या. दोन्हींत खंड पडलेला. अण्णा मात्र कुठे थांबले ते जगाला सांगत होते, आणि मी ते शालीखाली झाकत होतो. खंड पडल्याने वाट मोडत नाही, श्रोतेहो. खंड लपवला म्हणजे मोडते.

जगातही हाच हिशेब आहे. अमेरिकेत ॲपलाचियन डोंगरातून एक पायवाट जाते. जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत, चौदा राज्यांतून, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. बेंटन मॅके नावाच्या गृहस्थांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती पुरी जोडली गेली. १९४८ साली अर्ल शॅफर हा तरुण ती एका दमात चालून गेला. १९५५ साली एम्मा गेटवूड या ६७ वर्षांच्या आजी, अकरा मुलांची आई, पायात कॅनव्हासचे बूट आणि खांद्यावर घरी शिवलेली पिशवी घेऊन एकट्या चालल्या. तिथे कित्येक लोक हीच वाट वर्षावर्षाने, सुट्टीसुट्टीने पुरी करतात. कुणाला दहा वर्षे लागतात, कुणाला तीस. वाटेची देखभाल करणारी संस्था पुरी वाट चालणाऱ्यांची नोंद ठेवते, आणि त्या नोंदीत एका दमात चालणारा आणि तुकड्यांनी चालणारा यांत उच्चनीच मानत नाही. वाट सगळी चाललात ना, एवढेच विचारते.

आपल्याकडे हे काही नवीन नाही. नर्मदेची परिक्रमा घ्या. जुन्या रीतीने ती तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची. नदी उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही. पावसाळ्याचे चार महिने मात्र एका जागी मुक्काम. चातुर्मास संपला की जिथे थांबलात तिथूनच पुढे. कुणी तिला अर्धवट म्हटले आहे का? आपल्या जुन्या लोकांना पायांची मर्यादा ठाऊक होती, पावसाची मर्यादा ठाऊक होती. त्यांनी थांबण्याला नियमात जागा दिली. सांधा चुकवण्याला मात्र दिली नाही.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाला अशी लांबची वाट धरावीशी वाटली, तर एका दमातल्या सुट्टीची वाट पाहत बसू नका; ती सुट्टी येत नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्याची वाट घ्या, नाही तर आपल्याच गावामागच्या टेकड्यांची. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ आपल्याकडे चालायला बरा. एका वेळी तीन-चार दिवसांचा टप्पा पुरे. जिथे थांबाल तिथली पक्की खूण वहीत लिहा, पार, देऊळ, थांब्याचे नाव. ‘गावाजवळ’ असे मोघम लिहू नका. पुढच्या वर्षी त्या ‘जवळ’मध्ये दोन किलोमीटर हरवतात. माणशी तीन-चार लिटर पाणी जवळ ठेवा, आणि दुष्काळाच्या साली कोरड्या गावांतून जाऊच नका. तुमच्या हौसेचा भार कुणाच्या घागरीवर पडता कामा नये. कुठे जातो आणि कधी परतणार ते घरी सांगून निघा. आणि कुणी विचारले, की कुठवर आलात, तर खरे सांगा.

२०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली. आषाढात मी अण्णांना मंगळवेढ्याला घेऊन गेलो, ज्या दुकानाच्या पायरीपाशी ते २०१९ साली थांबले होते त्याच पायरीपाशी. पंचवीस किलोमीटरांना आम्हांला तीन दिवस लागले. तरणी पोरे टाळ वाजवीत पुढे जात, आणि हे आपले काठी टेकीत सावकाश. पंढरपूरला कळसाचे दर्शन झाले तेव्हा त्यांनी हात जोडले आणि मला म्हणाले, ‘झाली बाबा. पाच वर्षांची एक वारी झाली.’ त्यांच्या आवाजात कसलीही खंत नव्हती.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मी त्या वाडीवर गेलो. रस्त्याने ऊसतोडीचे ट्रक आणि ट्रॅक्टर चालले होते. भांडीकुंडी, शेळ्या, पोरेबाळे, वर बांधलेल्या गोधड्या. तीही माणसे वर्षावर्षाला वाट चालतातच, पण त्यांच्या वाटेला कुणी शाल देत नाही. वाडीत तीच कुलपे, तोच ओटा. आजीबाई होत्या, थोड्या वाकल्या होत्या. मी त्यांना सात वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. त्यांना काही आठवेना. ‘लई जण येतेत, पाणी पिऊन जातेत,’ त्या म्हणाल्या. ‘कुणाकुणाचं ध्यानात ठिवावं?’ आणि आत जाऊन तांब्या घेऊन आल्या. या खेपेला घागरी भरलेल्या होत्या. मी सात वर्षे ज्या प्रसंगाला भीत होतो, तो त्यांच्या लेखी घडलाच नव्हता!

तिथून मी चाललो. पाटोदा-आष्टीचे माळ, कुसळी गवत, मध्येच मेंढरांचा कळप. दुसऱ्या दिवशी मायंबा, म्हणजे मच्छिंद्रनाथांचे स्थान. तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मढी आली, आणि २०१६ साली जिथे मी एस. टी.तून उतरलो होतो त्या थांब्यापाशी येऊन उभा राहिलो. शाल नव्हती, फळा नव्हता. एक कुत्रे झोपले होते. मी घरी फोन लावला.

‘अण्णा, सांधा जुळला.’

‘बरं झालं,’ ते म्हणाले. ‘आता गाडीनं घरी ये. तुरीवर अळी पडली हाय.’